फोर बाय फोर गाडीची निगा आणि नेहमीच्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, जिमनी, गुरखा, जुनी जिप्सी किंवा लिव्हर ओढून चारही चाकांना ताकद देणारी तत्सम गाडी बाळगणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे सह्याद्रीतले घाट, कोकणातली पुळण आणि देशावरची काळी माती डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल, तर पुस्तिकाच प्रमाण मानावी.

१. टू-एच, फोर-एच आणि फोर-एल यांत नेमका फरक काय आणि कोणते कधी लावायचे?

नावातला आकडा ताकद मिळणाऱ्या चाकांचा, एच म्हणजे हाय आणि एल म्हणजे लो. टू-एचमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. रोजच्या डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी याच स्थितीत असावी. फोर-एचमध्ये ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद ॲक्सलकडे नेणारा लांब दांडा) एकमेकांना जखडते, त्यामुळे दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चिखल, वाळू, सैल खडी आणि ओले गवत यांसाठी ही स्थिती आहे. फोर-एलमध्येही चारही चाके फिरतात, पण गिअरचे प्रमाण बदलल्यामुळे वेग खूप कमी होतो आणि ओढ खूप वाढते. खडा कच्चा चढ, तेवढाच खडा उतार, मोठे दगड किंवा रुतलेली गाडी बाहेर काढणे, एवढ्यासाठीच ती वापरावी.

फोर-एच बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग सरळ धरून, बेताच्या वेगात, चालत्या गाडीत लावता येते. फोर-एल लावण्यासाठी मात्र गाडी पूर्ण थांबवावी आणि क्लच दाबावा, किंवा ऑटोमॅटिक असल्यास न्यूट्रलमध्ये घ्यावी. चिखल दिसला की त्यात शिरण्याआधी लिव्हर ओढावा. निम्म्या अडचणी चाके रुतल्यावर लिव्हर आठवल्यामुळे होतात.

२. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात ओल्या डांबरावर फोर-एच लावून चालवणे जास्त सुरक्षित नाही का?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत महाग पडतो.

वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणून पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा जास्त फिरावे लागते. वर उल्लेखलेल्या गाड्यांत या दोन शाफ्टच्या मध्ये डिफरेंशियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) नसतो. फोर-एचमध्ये ते जखडलेले असल्याने हा फरक कुठेतरी निघावा लागतो. चिखलात तो चाके थोडी घसरून सहज निघतो. डांबर ओले असले तरी त्याची पकड पुष्कळ असते, त्यामुळे तिथे चाके घसरत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्ट, यूजे क्रॉस (शाफ्टचे वाकते सांधे), क्राउन पिनियन (ॲक्सलमधले मुख्य गिअर) आणि ट्रान्सफर केसच्या साखळीवर किंवा गिअरवर साठत जातो. वळताना स्टिअरिंग जड होणे, गाडी अडखळत पुढे जाणे आणि खालून कडकड आवाज येणे ही त्याची लक्षणे आहेत. घाटातली वळणे आवळती असल्यामुळे तिथे हा ताण सपाट रस्त्यापेक्षा जास्त असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. फोर-एचमुळे गाडीला पुढे जायला मदत होते, पण ब्रेक दाबल्यावर थांबायचे अंतर कमी होत नाही. ओल्या घाटातले अपघात बहुधा थांबता न आल्यामुळे होतात आणि त्यावर उपाय म्हणजे चांगले टायर, कमी वेग आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अवरोध वापरणे. रस्त्यावर दरडीचा चिखल वाहून आला असेल, तर तेवढ्या टप्प्यापुरते फोर-एच लावावे आणि स्वच्छ डांबर लागताच काढावे.

ज्या गाड्यांत मधला डिफरेंशियल किंवा आपोआप जुळणारा क्लच असतो, त्यांना हा नियम लागू नाही. आपली गाडी त्यांपैकी आहे का, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

३. फोर-एचमधून लिव्हर टू-एचमध्ये येत नाही, किंवा आला तरी डॅशबोर्डवरचा फोर-एचचा दिवा लुकलुकत राहतो. गिअर तुटले का?

बहुतेक वेळा काहीही तुटलेले नसते. प्रश्न २ मध्ये सांगितलेला पीळ साठल्यामुळे आतले दात एकमेकांवर दाबलेले असतात. लिव्हरवर जोर करू नये. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी चार-पाच मीटर मागे घ्यावी, थोडी पुढे आणावी आणि मग लिव्हर हलवून पाहावा. एका बाजूची चाके कडेच्या मातीवर घेतल्यास पीळ लवकर सुटतो.

इतके करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर पुढचे हब (चाक ॲक्सलशी जोडणारे वा सोडवणारे मधले भाग) किंवा ॲक्सल जोडणारी यंत्रणा तपासावी. काही गाड्यांत ती निर्वाताने (व्हॅक्यूमने) चालते आणि तिच्या बारीक रबरी नळ्या चिखलामुळे, दगड लागून किंवा जुन्या होऊन फाटतात. दुरुस्ती स्वस्त असते, त्यामुळे ट्रान्सफर केस खोलायला निघालेल्या मेकॅनिकला आधी या नळ्या पाहायला सांगावे. हाताने फिरवायचे हब असलेली जुनी जिप्सी असेल, तर दोन्ही हब एकाच स्थितीत आहेत का, एवढे खाली उतरून पाहावे.

४. माझी गाडी बाराही महिने शहरातच असते. लिव्हरला मी हातही लावत नाही. तसे ठेवले तर चालेल का?

चालणार नाही. वापराविना पुढच्या ॲक्सलचे आणि ट्रान्सफर केसचे ऑइल तळाशी बसून राहते, वरच्या सीलला ते लागत नाही आणि सील कडक होऊन गळू लागतात. लिव्हरचे जोडही गंजून आखडतात. महिन्यातून एकदा मातीच्या मैदानावर किंवा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-एचमध्ये आणि थोडे अंतर फोर-एलमध्ये गाडी चालवावी. शहरात माती सापडत नसेल, तर अगदी सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर थोडेच अंतर फोर-एच लावता येते, पण वळण यायच्या आत ते काढावे.

५. सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल बदलले जाते. त्याशिवाय आणखी कोणती ऑइले असतात?

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरेंशियल आणि मागचा डिफरेंशियल या चारही ठिकाणी वेगळे ऑइल असते. साध्या गाड्यांच्या सवयीने काम करणाऱ्या गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस आणि पुढचा डिफरेंशियल हमखास राहून जातात. बदलण्याचे अंतर पुस्तिकेप्रमाणे पाळावे. गाडी पाण्यातून गेली असेल तर त्या अंतराची वाट पाहू नये. (प्रश्न ११ पाहावा.)

ऑइलच्या दर्जाबाबत दक्ष राहावे. डिफरेंशियलला बहुधा जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते. तेच ऑइल मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये टाकल्यास त्यातली काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) घातक ठरू शकतात, म्हणून अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते. एकाच डब्यातले ऑइल चारही ठिकाणी ओतले जात असेल, तर तिथेच थांबवून पुस्तिका दाखवावी. आणखी एक सवय लावून घ्यावी: जुने ऑइल सोडण्याआधी वरचा, म्हणजे भरण्याचा प्लग सैल होतो का ते पाहावे. तो गंजून बसला असेल आणि खालचा प्लग आधीच उघडला असेल, तर गाडी ऑइलविना जागेवर अडकते.

प्रोपेलर शाफ्टच्या यूजे क्रॉसला आणि सरकत्या जोडाला ग्रीसची निपल असतील, तर प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर ग्रीसिंग करावे. जुने ग्रीस आणि माती बाहेर पडेपर्यंत नवे भरावे.

६. रानातून परत आल्यावर ८०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. काय बिघडले असेल?

आधी चाकांच्या आतली बाजू धुऊन पाहावी. रिमच्या आतल्या कडेला चिखल साचून वाळतो, त्यामुळे चाकाचा तोल बिघडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वॉशिंग सेंटरमध्ये बहुधा चाकाची बाहेरचीच बाजू धुतली जाते. गाडी लिफ्टवर चढवून आतून पाणी मारायला सांगितल्यास ही तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते. ती मिटली नाही, तर बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट आणि शेवटी बुश व बॉल जॉइंट या क्रमाने तपासणी करावी.

धुताना दाबाचे पाणी रेडिएटरच्या नाजूक पात्यांवर, वायरिंगच्या जोडांवर आणि ॲक्सलच्या सीलवर जवळून मारू नये. रेडिएटरमधला चिखल साध्या नळाच्या पाण्याने भिजवून काढावा.

७. खड्ड्यावरून गेल्यावर पुढची दोन्ही चाके अचानक जोरजोरात डावी-उजवी हलू लागली आणि गाडी थांबेपर्यंत थांबली नाहीत. हेही चिखलामुळेच का?

हा वेगळा आणि गंभीर प्रकार आहे. जिमनी किंवा जिप्सीसारख्या, पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांत तो आढळतो. एखाद्या सांध्यात ढिलेपणा आला की खड्ड्याचा धक्का विरत नाही आणि चाके हेलकावे घेत राहतात. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सलरेटर सोडावा आणि हळूहळू वेग कमी करत गाडी कडेला घ्यावी.

फक्त स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) नवा बसवून घेणे हा उपाय नाही. त्याने लक्षण काही काळ झाकले जाते आणि मूळ ढिलेपणा तसाच राहतो. किंगपिनचे (पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिचे) बेअरिंग, टाय रॉडचे सांधे, व्हील बेअरिंग आणि जिमनीसारख्या गाडीत ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याचे बुश तपासून घ्यावेत. एका माणसाने स्टिअरिंग हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली पाहावे, म्हणजे ढिला सांधा डोळ्यांना दिसतो. दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नये.

८. वाळूत आणि चिखलात टायरची हवा किती ठेवावी?

हवा कमी केली की टायर पसरतो आणि जास्त जमीन धरतो. साधारणपणे मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआय आणि चिखलात २० ते २२ पीएसआय योग्य ठरते. सह्याद्रीतल्या धारदार काळ्या दगडांच्या वाटेवर सुमारे २५ ठेवावी, कारण त्याखाली टायरची बाजू दगडांत कापली जाण्याचा धोका वाढतो. १५च्या खाली साधा ट्यूबलेस टायर वळताना रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असताना वेग ३०च्या आत ठेवावा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर आणि विश्वासू गेज गाडीत कायम असावे.

काळ्या मातीचे शेतरस्ते हा मात्र अपवाद आहे. ती माती टायरच्या खाचांत घट्ट भरून टायर गुळगुळीत करते आणि मग हवा कमी करून फारसा उपयोग होत नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात पहिल्या मोठ्या पावसानंतर अशा रस्त्यावर गाडी घालण्यापेक्षा ऊन पडून वरचा थर सुकण्याची वाट पाहणे शहाणपणाचे आहे. जावेच लागले, तर खोल आणि दूर दूर खाचा असलेले टायर उपयोगी पडतात.

९. गाडी रुतली आहे आणि गावातला ट्रॅक्टर आला आहे. साखळी कुठे बांधायची?

साखळी बांधण्याआधी ॲक्सलरेटर दाबत राहणे बंद करावे, कारण फिरणारे चाक खड्डा खोल करत नेते. चारही चाकांसमोरची माती फावड्याने उतरती करून काढावी, हवा कमी करावी, चाकांखाली दगड किंवा फळ्या द्याव्यात आणि फोर-एलमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच प्रयत्न करावा. अनेक गाड्या एवढ्यानेच निघतात.

ट्रॅक्टर लावायचाच असेल, तर गाडीच्या चॅसिसला कंपनीने दिलेला ओढण्याचा हुक वापरावा. बंपर, स्टिअरिंगचे रॉड, ॲक्सल किंवा सस्पेन्शनचे आर्म यांना कधीही बांधू नये. ट्रकवर लादताना गाडी जखडण्यासाठी दिलेले बारीक छिद्राचे पट्टे हुकासारखे दिसतात, पण ते ओढण्यासाठी नसतात. साखळी किंवा तारेचा दोर आधी ताणून घ्यावा आणि मग सावकाश, सलग ओढावे. हिसका फक्त रबरासारख्या ताणणाऱ्या खास दोरानेच देता येतो. तुटलेली साखळी किंवा तार माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून दोरावर जाड घोंगडी किंवा ओले पोते टाकावे आणि बघ्यांना, विशेषतः मुलांना, दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभे करावे. गर्दीला दूर करताना भीड बाळगू नये.

भातखाचराचा बांध फुटला असेल, तर निघण्याआधी तो बांधून द्यावा किंवा नुकसानभरपाई द्यावी. ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे आणि मेहनतीचे पैसे मागण्याआधीच द्यावेत.

१०. समुद्रकिनाऱ्यावर गाडी न्यावी का? नेली आणि खारे पाणी लागले तर काय?

नेऊ नये. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातही प्रशासन कारवाई करते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. वरून गेलेल्या गाडीमुळे घरटे दबते आणि चाकोरीत अडकलेली पिल्ले पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. कोकणातल्या गावांनी कष्टाने सांभाळलेली ही गोष्ट एका फेरीपायी बिघडवण्याचा हक्क कोणालाही नाही. सड्यांबाबतही (कोकणातल्या जांभ्याच्या सपाट पठारांबाबतही) हेच सांगावेसे वाटते: जांभ्या दगडावरचा मातीचा थर काही इंचांचा असतो आणि त्यावर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे भरून येत नाही.

शिवाय ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढायला वेळ मोजून मिळतो. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास असतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते.

बंदरावर, जेटीवर किंवा खाडीकाठच्या रस्त्यावर खारे पाणी लागले असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडीचा तळ, चॅसिसच्या पोकळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि चाकांची आतली बाजू भरपूर धुवावी. उद्यावर ढकलू नये.

११. ओढा ओलांडताना किती खोल पाणी चालते?

कंपनीचा आकडा ही वरची मर्यादा असते आणि तो स्थिर पाण्यासाठी असतो. थारसाठी तो ६५० मिलिमीटर आहे. वाहत्या पाण्याचे गणित निराळे असते. दोन फूट खोल जोराचे पाणी मोठ्या गाडीलाही उचलून बाजूला नेते, कारण बंद केबिन तरंगू लागते आणि टायरची पकड सुटते. म्हणून पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावर कोणतीही गाडी घालू नये. तिथे चारही चाकांच्या ताकदीचा काही उपयोग नसतो.

स्थिर किंवा संथ पाणी आधी काठीने मोजावे. फोर-एल लावून, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, एकाच चालीने जावे आणि मध्ये गिअर बदलू नये. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जाऊन ते सुकवावेत. मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत हे विसरू नये. ओल्या ड्रमच्या गाडीचा हँडब्रेक ओढून ती रात्रभर उभी केली, तर लायनिंग चिकटून बसू शकते. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

तापलेला डिफरेंशियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी प्लग उघडून ऑइलचा रंग पाहावा. ते दुधी दिसले तर लगेच बदलावे. ब्रीदरच्या नळ्या बोनेटखाली उंचावर नेऊन बांधणे हा कमी खर्चाचा आणि फार मोलाचा बदल आहे.

१२. पाण्यातच इंजिन बंद पडले. पुन्हा स्टार्ट करून पाहू का?

किल्लीला किंवा बटणाला हात लावू नये. हवेच्या मार्गातून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर ते दाबले जात नाही आणि स्टार्टर फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी. एअर फिल्टर ओला असेल, तर मेकॅनिककडून स्पार्क प्लग किंवा डिझेल गाडीत ग्लो प्लग वा इंजेक्टर काढून घ्यावेत आणि पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नये.

साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाच्या नुकसानाची भरपाई बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते आणि ते घेतलेले असले तरी पाण्यात पुन्हा स्टार्ट केल्याचे आढळल्यास दावा अडचणीत येतो.

१३. डिझेल गाडी उन्हाळ्यात माळावर उभी करताना काही काळजी घ्यावी लागते का?

होय. बीएस-६ डिझेल गाड्यांतला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळताना एक्झॉस्ट अतिशय तापतो. अशी गाडी गुडघाभर वाळक्या गवतावर उभी केल्यास वणवा लागू शकतो. उघड्या मातीवर किंवा खडकावर गाडी लावावी आणि खाली अडकलेले गवत काढत राहावे.

१४. पंक्चर झाले आणि स्टेपनी जुन्या मापाची आहे. ती लावून फोर-एच वापरता येईल का?

वापरू नये. घेर वेगळा असलेले एक चाकसुद्धा प्रश्न २ मधला पीळ सरळ रस्त्यावरही निर्माण करते. टू-एचमध्ये हळू चालवत पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे. याच कारणासाठी टायर बदलताना चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. स्टेपनी धरून पाच चाके आळीपाळीने फिरवली, तर पाचही सारखी झिजतात.

१५. गाडी गिअरमध्ये उभी केली होती, तरी उतारावर आपोआप सरकली. असे कसे झाले?

ट्रान्सफर केसचा लिव्हर फोर-एच आणि फोर-एलमधल्या न्यूट्रलवर राहिला असावा. त्या स्थितीत गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंध तुटतो, त्यामुळे पहिला गिअर किंवा ऑटोमॅटिकमधला पार्किंगही गाडीला धरू शकत नाही. ज्या गाड्यांत हा न्यूट्रल आहे, त्यांत उतरण्याआधी लिव्हर पाहावा, हँडब्रेक ओढावा आणि उतारावर चाकाला दगड लावावा.

बंद पडलेली गाडी ओढून नेताना मात्र हाच न्यूट्रल कामी येतो. दोन चाके उचलून नेणारी क्रेन आली, तर शक्यतो तिला नकार देऊन पूर्ण गाडी वर घेणारा ट्रक मागवावा, कारण फोर-एचमध्ये अडकलेली गाडी दोन चाकांवर ओढली तर ट्रान्सफर केस खराब होते.

१६. बुल बार आणि मोठे टायर बसवले तर कायद्याने अडचण येते का?

येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बुल बारविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली होती. बुल बार पादचाऱ्यासाठी घातक असतो आणि धडकेचा धक्का चॅसिसकडे नेऊन एअरबॅग उघडण्याची वेळ बिघडवू शकतो.

मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो, ब्रेकवर आणि व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. कंपनीनेच त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांपैकी मोठे माप निवडणे हा निर्धोक मार्ग आहे. एखादी वस्तू कंपनीच्या शोरूममधून बसवून घेतली असेल, तर तिचे बिल गाडीत ठेवावे आणि विमा कंपनीला तिची लेखी माहिती द्यावी.